चीनमधील समलैंगिकता
चीनमध्ये समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. पण भेदभावापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदाही नाही. बाहीवर डोके टेकून झोपलेल्या दोंग श्यान या आपल्या प्रियकराची झोपमोड नको म्हणून हान सम्राट आय याने बाहीच कापली, ही कथा तिथे सर्वश्रुत आहे. माओच्या काळानंतर मात्र ‘गुंडगिरी’च्या कलमाखाली समलिंगी पुरुषांना पकडले जाई. 1997च्या दंडसंहितेत ते कलम वगळले गेले. 2001 मध्ये मानसोपचाराच्या राष्ट्रीय वर्गीकरणाने समलैंगिकतेला आजार मानणे सोडले, तरी स्वतःच्या कलामुळे अस्वस्थ असणाऱ्यांसाठी निदान शिल्लक ठेवले. या फटीतून ‘उपचारां’चा क्रूर धंदा चालू राहिला. विजेचा झटका सोसलेल्या एका तरुणाच्या दाव्यात 2014 मध्ये बीजिंगच्या हायदियान न्यायालयाने, हा आजार नसल्याने उपचार अनावश्यक होता, असे ठरवून 3,500 युआन भरपाई दिली. रक्कम किरकोळ, निकाल मोलाचा.

विवाहाचा हक्क नाही. 2017 पासून मात्र परस्पर पालकत्वाचा करार करता येतो. त्यामुळे रुग्णालयात जोडीदाराच्या वतीने सही करता येते. खरा जाच घरातला: वंश चालवण्याच्या दडपणाखाली अनेक पुरुष स्त्रियांशी लग्न करतात आणि त्या बायकांचीही आयुष्ये होरपळतात. अलीकडे सार्वजनिक अवकाश आकसला आहे. 2020 मध्ये शांघाय प्राइड हा एलजीबीटी महोत्सव थांबला, तर 2023 मध्ये बीजिंगचे एलजीबीटी केंद्र बंद झाले.