तक्ता, चारशे पत्रं आणि रजत गुप्ता

आज एका तक्त्याचा इतिहास. ४३ ओळी, ६ रकाने. ओळ म्हणजे गुन्हा किती गंभीर, रकाना म्हणजे आरोपीचं आधीचं रेकॉर्ड. दोन्ही जिथे भेटतात तिथे शिक्षेचे महिने. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो चक्क आवडला!

१९८७ आधी अमेरिकेच्या फेडरल कोर्टात त्याच गुन्ह्याला एक न्यायाधीश प्रोबेशनवर सोडायचा, दुसरा पाच वर्षं आत टाकायचा. वर खरी सुटका कधी, ते पॅरोल बोर्ड ठरवणार. १९८४ च्या कायद्याने हे मोडलं. १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना पॅरोल बंद आणि तक्ता बंधनकारक. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बुकर खटल्यात तो सल्ल्यापुरता ठेवला, पण हिशोब आजही आधी मांडावाच लागतो.

आता रजत गुप्ता. आयआयटी दिल्ली, मॅकिन्सीचे प्रमुख, गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळावर. बोर्डातली गुप्त माहिती राज राजारत्नमला पुरवली म्हणून जून २०१२ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. (गुप्तांना हे कधीच मान्य झालं नाही.) हिशोब बघा. मुळात ८. त्या माहितीवर झालेला फायदा सुमारे ५० लाख डॉलर, त्याचे १८. विश्वासाच्या पदाचा गैरवापर, २. झाले २८. पहिलाच गुन्हा, म्हणून पहिला रकाना: ७८ ते ९७ महिने. गुन्हा कबूल करणाऱ्याला दोन-तीन गुणांची सूट मिळते, पण गुप्ता खटला लढले होते.

न्यायाधीश जेड रेकॉफ यांना खटकलं ते हेच. मूळ गुन्हा विश्वासघाताचा, त्याला २ गुण. आणि दुसऱ्याच्या खात्यात गेलेल्या पैशाला १८?

मग शिक्षेआधी आरोपी करतो काय? प्रोबेशन ऑफिसर त्याची मुलाखत घेऊन शिक्षापूर्व अहवाल लिहितो. घर, पैसा, आजार, दारू, सगळं त्यात येतं. मसुदा सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी हातात पडतो आणि हरकती घ्यायला १४ दिवस. बरेच जण सगळा जीव न्यायाधीशासमोरच्या भाषणात घालतात. माझ्या मते खरी लढाई या १४ दिवसांची. कारण कोर्टाचं काम संपलं तरी हा कागद संपत नाही. कुठल्या तुरुंगात पाठवायचं, व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात घ्यायचं का, हे तुरुंग खातं त्यातूनच बघतं. गंमत म्हणजे आत कैद्याला स्वतःच्याच अहवालाची प्रत जवळ ठेवता येत नाही. इतर कैदी दमदाटी करून वाचायला मागतात, म्हणून.

दुसरी तयारी पत्रांची. गुप्तांसाठी चारशेच्या वर आली, बिल गेट्स आणि कोफी अन्नान यांचीही. तुरुंगाऐवजी रवांडात समाजसेवा करू द्या, असाही प्रस्ताव वकिलांनी ठेवला. रेकॉफ यांनी तो नाकारला. पण तक्ताही पाळला नाही: ऑक्टोबर २०१२ मध्ये शिक्षा दिली २४ महिने, दंड ५० लाख डॉलर.

अपिलात दीड वर्ष गेलं. १७ जून २०१४ ला गुप्ता मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्सच्या तुरुंगात स्वतः हजर झाले. बेड्या नाहीत, पोलिसांची गाडी नाही. अशा आरोपींना दिलेल्या तारखेला आपणच दारात जावं लागतं. जानेवारी २०१६ मध्ये ते उरलेली शिक्षा घरी राहून भोगायला बाहेर आले.