ऐकीव शब्द आणि कायदा

१८८२ सालच्या जुलै महिन्याच्या १७ तारखेस मुंबईच्या हायकोर्टांत दोन तरुण संपादकांना प्रत्येकीं चार महिने साध्या कैदेची शिक्षा झाली. एक 'केसरी'चे गोपाळ गणेश आगरकर आणि दुसरे 'मराठा' पत्राचे बाळ गंगाधर टिळक. दोघेही १८५६ सालच्या जुलै महिन्यांत जन्मलेले. म्हणजे वय सव्विशीचें. आरोप अब्रुनुकसानीचा होता. ज्या मजकुरावरून हा खटला उभा राहिला, त्याचा मूळ आधार या दोघांनीं स्वतः रचलेला नव्हता. दुसऱ्यांच्या हातून आलेल्या पत्रांवर त्यांनीं विश्वास ठेविला होता. दुसऱ्याचें म्हणणें आपण केवळ लोकांपुढें ठेविलें, हें समर्थन कायद्यापुढें कितपत टिकतें, हा प्रश्न तेव्हांपासून आजतागायत जुना झालेला नाहीं. उलट, खिशांतल्या मोबाइलवर आलेला मजकूर क्षणार्धांत शेंकडों लोकांकडे धाडणारा प्रत्येक गृहस्थ आज एका परीनें वृत्तपत्रकर्ताच झाला आहे. आणि त्यामुळें तो प्रश्न संपादकाच्या कचेरींतून निघून घराघरांत शिरला आहे.

आपल्या देशांत अब्रुनुकसानीची दाद दोन वाटांनीं मागतां येते. पहिली वाट दिवाणी. तींत ज्याची अब्रू गेली तो पैशाच्या रूपानें भरपाई मागतो. आणि मजकूर खरा होता, एवढें प्रतिवादीनें सिद्ध केलें म्हणजे दावा बहुधा तेथेंच संपतो. दुसरी वाट फौजदारी. १८६० सालीं मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलेल्या पीनल कोडाच्या ४९९ व ५०० या कलमांनीं ती घालून दिली. या वाटेवर केवळ सत्याची शिदोरी पुरत नाहीं. मजकूर खरा असला पाहिजे, आणि तो प्रसिद्ध करणें लोकहिताचेंही असलें पाहिजे, अशी दुहेरी कसोटी तेथें लागते. सद्‌भावानें केलेली टीका, सद्‌भावानें दिलेला इशारा वगैरे मिळून एकंदर दहा अपवाद कायद्यानें मान्य केले. परंतु त्या अपवादांची ढाल कोणाच्या हातीं द्यावयाची, हें ठरविण्याचें काम न्यायासनाकडे राहिलें.

दिवाणी वाटेवरील गाजलेलें उदाहरण मुंबईचेंच आहे. करसनदास मुळजी या सुधारकानें 'सत्यप्रकाश' या गुजराथी पत्रांत २१ ऑक्टोबर १८६० रोजीं वल्लभ संप्रदायांतील महाराजांच्या आचरणावर कडक लेख लिहिला. तेव्हां जदुनाथजी महाराजांनीं करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणिना यांच्यावर ५०,००० रुपयांचा दावा लाविला. २५ जानेवारी १८६२ रोजीं मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टांत सुनावणीस आरंभ झाला. आपल्या पंथाचा व ज्ञातीचा रोष पत्करून करसनदास उभे राहिले. नामांकित वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं कोर्टांत येऊन साक्ष दिली. २२ एप्रिल १८६२ रोजीं निकाल लागला, तो करसनदासांच्या बाजूनें. लेखांतील भाषा सौम्य होती म्हणून ते सुटले असें नव्हे. जें छापलें तें त्यांनीं साक्षीपुराव्यानिशीं कोर्टापुढें उभें केलें, म्हणून ते सुटले.

यानंतर वीस वर्षांनीं कोल्हापूरचें प्रकरण उद्भवलें. तेथील छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांच्या मनावर परिणाम झाला आहे असें सरकारदरबारीं मानलें जात होतें, आणि राज्याचा कारभार रावबहादुर माधवराव बर्वे यांच्या हातीं होता. महाराजांचा छळ होत आहे, अशी वदंता दक्षिण महाराष्ट्रांत पसरली. अशांतच बर्व्यांच्या नांवावर मोडणारीं कांहीं पत्रें पुण्यास आलीं, आणि तीं वाचणारास महाराजांविरुद्ध कांहीं दुष्ट बेत चालला असल्याचा संशय येई. 'केसरी' व 'मराठा' यांनीं तीं खरीं धरून कारभाऱ्यांवर जळजळीत टीका केली. बर्व्यांनीं फिर्याद लाविली. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे संपादकांना जामीन राहिले. पुढें पत्रें बनावट ठरलीं, आणि बचावाचा पायाच ढासळला. संपादकांनीं दिलगिरी व्यक्त केली. पण फिर्याद मागें घेतली गेली नाहीं. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं दोघे सुटले. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुढें पुस्तकरूपानें लिहिली.

या प्रकरणाचा शेवट मात्र कोर्टांत झाला नाहीं. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें नजरकैदेंत असतांना शिवाजी महाराजांचा अंत झाला, आणि तोही पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर. म्हणजे महाराजांविषयीं लोकांस वाटणारी काळजी अगदींच अनाठायीं नव्हती. हातीं आलेला पुरावा मात्र खोटा होता. काळजी खरी आहे म्हणून तिच्यासाठीं पुढें केलेला पुरावाही खरा ठरत नाहीं, हा या खटल्याचा धडा आहे. पीनल कोडाच्या ५२ व्या कलमांत 'सद्‌भाव' या शब्दाची मर्यादा मोठ्या मार्मिकपणें घातली होती: योग्य ती काळजी व लक्ष न देतां केलेली अथवा खरी मानलेली गोष्ट सद्‌भावाची म्हणतां येणार नाहीं. हेतु निर्मळ असणें वेगळें आणि तपास पुरा असणें वेगळें. कायद्याला दोन्ही हवीं असतात.

छापखान्याच्या काळीं लेखक, संपादक व मुद्रक बोटानें दाखवितां येत. आंतरजालावर लिहिणारा एक, तें लिखाण आपल्या यंत्रांवर सांठवून जगाला दाखविणारी कंपनी दुसरी, आणि पुढें धाडणारे हजार, असा पसारा झाला. यांत कंपनीचा दोष किती? या प्रश्नाची पूर्वपीठिका इंग्लंडांतील एका क्लबाच्या फलकावर सांपडते. गोल्फ खेळणाऱ्यांच्या त्या क्लबांत कोणी निनावी माणसानें एका सभासदास टोमणा मारणाऱ्या ओळी फलकावर लाविल्या, आणि चालकांनीं त्या काढल्या नाहींत. १९३७ सालीं अपील कोर्टानें त्या ओळी बदनामीकारक ठरविल्या नाहींत. परंतु आपल्या भिंतीवरील मजकूर माहीत असून व काढतां येण्याजोगा असून जो तसाच राहूं देतो, तोही त्याचा प्रसिद्धिकर्ता ठरूं शकतो, हें तत्त्व त्या निकालानें प्रस्थापित केलें. फलकाच्या जागीं आज कोट्यवधि लोकांचें सामाजिक माध्यम आलें आहे. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ७९ व्या कलमानें अशा मध्यस्थास कांहीं अटींवर संरक्षण दिलें. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालांत सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ असा लाविला कीं, मजकूर बेकायदा असल्याची 'माहिती' म्हणजे कोर्टाचा हुकूम किंवा सरकारची अधिसूचना. कोणा एकाची तक्रार पुरेशी नाहीं. यामुळें मध्यस्थास दर तक्रारीगणिक न्यायाधीश व्हावें लागत नाहीं. पण ज्याची बदनामी झाली, त्यास हुकूम मिळेपर्यंत थांबावें लागतें, आणि अफवा कोणासाठीं थांबत नाहीं.

दुसरा प्रश्न काळाचा. १८४९ सालीं ब्रन्स्विकच्या ड्यूकचा खटला इंग्लंडांत गाजला. ड्यूकनें आपल्या माणसाकडून १८३० सालच्या एका साप्ताहिकाचा जुना अंक विकत आणविला, आणि कोर्टानें ती विक्री म्हणजे नवीन प्रसिद्धि मानून जुना दावा पुन्हां जिवंत केला. हा नियम आंतरजालास लाविला तर तेथील प्रत्येक वाचनागणिक नवा दावा उभा राहील, आणि जुन्या लेखाच्या कर्त्यास मरेपर्यंत सुटका नाहीं. म्हणून इंग्लंडनें २०१३ च्या कायद्यानें तो बदलला. आपल्याकडे दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची आहे. आणि ती पहिल्या प्रसिद्धीपासून मोजावी, संकेतस्थळावर मजकूर राहिला म्हणून ती रोज नव्यानें सुरू होत नाहीं, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयानें २०१३ सालीं दिला.

परंतु मजकूर नुसता पडून राहणें वेगळें, आणि तो उचलून पुढें धाडणें वेगळें. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याच न्यायालयानें असें ठरविलें कीं, दुसऱ्याचा बदनामीकारक मजकूर सामाजिक माध्यमावर आपल्या नांवें पुन्हां प्रसृत करणें हेंही ४९९ व्या कलमाखालीं प्रसिद्धि करणेंच होय, आणि ज्याचे अनुयायी पुष्कळ त्याची जबाबदारीही मोठी. यंत्र नवें असलें तरी सूत्र जुनेंच आहे. कोल्हापूरचीं पत्रें 'केसरी'नें लिहिलीं नव्हतीं. तरी तुरुंग चुकला नाहीं.

या कायद्याची दुसरी बाजूही तितकीच लक्षांत ठेविली पाहिजे. अब्रूचें कुंपण राखणाऱ्या हातांतील काठी टीकाकाराच्या पाठींतही बसूं शकते. महाराजांचा दावा यशस्वी झाला असता तर करसनदासांची लेखणी कायमची थांबली असती. २०१२ सालीं पालघर येथें दोन तरुण मुलींना फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनाबद्दल अटक झाली. त्या वेळीं वापरलेलें ६६ अ हें कलम खास अब्रुनुकसानीचें नव्हतें, पण संदिग्ध शब्दांचा कायदा किती दूर हात पोंचवितो हें त्यानें दाखविलें. पुढें श्रेया सिंघल निकालानेंच तें रद्द झालें. फौजदारी अब्रुनुकसानीचें कलम मात्र १३ मे २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घटनेस धरून असल्याचें ठरविलें. आपल्याला हा फौजदारी कायदा देणाऱ्या इंग्लंडनें स्वतःकडील फौजदारी अब्रुनुकसानी २०१० सालीं मोडीत काढली. आपण तो ठेविला आहे. १ जुलै २०२४ पासून पीनल कोडाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तिच्या ३५६ व्या कलमांत दोन वर्षांपर्यंतची साधी कैद वा दंड कायम असून, समाजसेवेची शिक्षा नव्यानें जोडली आहे.

हें कलम राहावें कीं जावें, याविषयीं शहाण्या माणसांत मतभेद आहेत व राहतील. परंतु ज्या कर्तव्याविषयीं मतभेदास जागा नाहीं, तें कायद्याच्याही आधीचें आहे. एखाद्याच्या अब्रूस लागणारी गोष्ट हातीं आली असतां ती कोणी पाहिली, ती कशावरून खरी, आणि ती लोकांस कळणें खरोखर जरूर आहे काय, हे तीन प्रश्न करसनदासांना कोर्टांत तपासून घ्यावे लागले. ते ज्याचे त्यानें घरींच स्वतःस विचारावे. उत्तर मिळालें तर निर्भयपणें बोलावें, कारण सत्य लोकहितासाठीं सांगणाऱ्याच्या पाठीशीं कायदा उभा राहतो. उत्तर मिळालें नाहीं, तर तो शब्द आपल्यापाशीं येऊन थांबूं द्यावा. एकदां गेलेली अब्रू दिलगिरीनें परत येत नाहीं, हें फिर्याद करणारासही ठाऊक असतें, आणि शिक्षा भोगणारासही.