खानदेशची जुनी राजधानी : बुऱ्हाणपूर

असीरगडापाशी सातपुड्याला जी खिंड पडली आहे, तिच्यातून उत्तरेचा वाटसरू दक्षिणेत उतरतो आणि तापीच्या काठी येऊन थांबतो. तो थांबतो तेथे बुऱ्हाणपूर आहे. या नगरीचे वैभव आणि तिच्या वाट्याला आलेले हाल, दोहोंचेही मूळ आम्हांस या एका खिंडीत दिसते.

फारुकी घराण्यातील नासिरखानाने इ. स. १४०० च्या सुमारास हे शहर वसविले व त्यास बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव दिले. पैलतीरावरील जैनाबाद हे त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचे. याच घराण्यातील आदिलशहाने, म्हणजे राजा अलीखानाने, बांधलेली जामा मशीद आमच्या वाचकांनी एकवार अवश्य पाहावी. तिच्यात अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेख असून त्यात फारुकींची वंशावळ आणि संवत १६४६, शके १५११ असा काळ दिला आहे. मशिदीच्या भिंतीवर शक-संवत कोरविण्यात त्या राजास काही वावगे वाटले नाही, आणि लेख रचणाऱ्या पंडितासही नाही.

१६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे झाले. जून १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच वारली. तिला प्रथम जैनाबादेस पुरले व त्याच वर्षाच्या अखेरीस देह आग्र्यास नेला. ताजमहालाची कथा सांगणारे पुष्कळ. तिचा आरंभ तापीकाठी झाला, हे सांगणारे थोडे.

१६८१ च्या प्रारंभी संभाजीराजांच्या फौजेने शहरालगतची बहादुरपूर ही धनाढ्य पेठ तीन दिवस लुटली. उदगीरच्या विजयानंतर, १७६० साली, शहर पेशव्यांकडे व पुढे शिंद्यांकडे आले. १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने ते घेतले. तहाने ते शिंद्यांस परत मिळाले. येथेच पुढील कोड्याचा उलगडा आहे. १८१८ साली पेशव्यांचा खानदेश इंग्रजांनी मुंबई इलाख्यास जोडला, पण बुऱ्हाणपूर १८६० पर्यंत शिंद्यांचेच राहिले. मग इंग्रजांकडे आल्यावर ते निमाड जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतात गेले. अशा रीतीने खानदेशची राजधानी खानदेशाबाहेर पडली! १९५६ साली विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. निमाड मध्य प्रदेशातच राहिले. बुऱ्हाणपुरात घरोघर मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा होऊन बुऱ्हाणपूर जिल्हा झाला.

या साऱ्या राजवटींस ज्याने पाणी पाजले, तो कुंडी भंडारा मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. जहांगीरच्या काळी, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत तो झाला, विद्या इराणची. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात गोळा करावयाचे व केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणावयाचे, अशी ही योजना. ना मोट, ना रहाट. भुयारावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी आहेत, त्याच कुंड्या. त्यांची संख्या शंभरावर. त्यांतून आत उजेड व वारा जातो, आणि वरून पाणी शेंदता येते. २०२४ साली या वास्तूचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. आत मात्र भिंतींवर चुन्याचे थर चढून प्रवाहाची वाट आक्रसली आहे.