व्हिकुन्याचा कळप

लामा म्हटलं की थुंकणारा प्राणी आठवतो, अल्पाका म्हटलं की महागडा स्वेटर. त्यांचा जंगली, सडपातळ नातलग व्हिकुन्या मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. माझ्या मते या अख्ख्या खानदानात सगळ्यात इंटरेस्टिंग केस हीच.

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात, साडेतीन हजार मीटरच्या वर खुरटं गवत खात हिंडणारा हा उंटाचा लांबचा भाऊबंद. अंगावरचा तंतू जेमतेम बारा-तेरा मायक्रॉनचा. एवढी मऊ लोकर दिसल्यावर माणूस गप्प बसेल होय? अठराव्या शतकातच ब्यूफॉन हा फ्रेंच निसर्गअभ्यासक म्हणत होता, हे प्राणी आणा आणि आपल्या डोंगरांत वाढवा. १८५४ मध्ये पॅरिसला परदेशी प्राणी रुळवण्यासाठी चक्क एक संस्था निघाली आणि १८६० मध्ये तिची बाग उघडली. म्हणजे हे प्राणिसंग्रहालय नुसतं बघण्यासाठी नव्हतं, कळप वाढवून ते देशभर पसरवायचे हा मूळ प्लॅन. लामा आले, अल्पाका आले. लोकरीचा धंदा काही उभा राहिला नाही.

व्हिकुन्याला सखल प्रदेश चालत नाही असं मुळीच नाही. बर्लिनच्या टीअरपार्कमध्ये तो मजेत राहतो. खरी भानगड त्याच्या घरगुती राजकारणात आहे. एक नर, त्याच्या चार-सहा माद्या आणि बारा महिने राखलेली स्वतःची हद्द. पोरगा वर्षाचा व्हायच्या आत बाप त्याला हाकलतो, आणि पोरींनाही फार दिवस ठेवून घेत नाही. डोंगरात हाकललेले नर टोळी करून राहतात. कुंपणात जाणार कुठे? मग झूवाल्यांना वेगळे वाडे बांधावे लागतात, दुसऱ्या झूंशी देवाणघेवाण करावी लागते. गर्भारपण अकरा महिन्यांचं, पिल्लू एकच, आणि जन्मणाऱ्यांत साधारण निम्मे नर. हिशेब तुम्हीच करा. त्यात अनाथ नर पिल्लाला बाटलीने दूध पाजून लाडावलं, तर मोठेपणी ते माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येऊ शकतं. लामांच्या बाबतीत तर हा धोका पाळणाऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे.

गंमत म्हणजे युरोपवाले जे करू बघत होते, ते अँडीजमधल्या मेंढपाळांनी हजारो वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. २००१ मध्ये जेन व्हीलर आणि सहकाऱ्यांचा डीएनए अभ्यास आला: अल्पाका हा माणसाळवलेल्या व्हिकुन्याचाच वंशज! फक्त आजच्या अल्पाकाची लोकर त्या मानाने बरीच जाड.

जंगलात उरलेल्या व्हिकुन्यासाठी इंकांची पद्धत वेगळी होती, चाकू. (आपला चाकू नव्हे, हा क्वेचुआ शब्द.) शेकडो माणसांनी साखळी करून कळप घेरायचा, लोकर कातरायची आणि जनावर सोडून द्यायचं. स्पॅनिश आले ते बंदुका घेऊन. १९६० च्या दशकात जेमतेम काही हजार व्हिकुन्या शिल्लक होते. पेरूने १९६७ मध्ये पाम्पा गालेरास हे अभयारण्य केलं, शिकार आणि व्यापारावर बंदी आली, आणि पुढे चाकू परत सुरू झाला. आज अँडीजमध्ये तीन लाखांहून जास्त व्हिकुन्या आहेत, आणि ही वाढ झूंमधून प्राणी नेऊन सोडल्यामुळे झालेली नाही.

एका कातरणीत मिळते दोनेकशे ग्रॅम लोकर. तिचा कोट युरोपात लाखोंना विकला जातो, आणि साखळीत उभ्या राहणाऱ्या गावकऱ्यांच्या हाती त्यातलं फारच थोडं पडतं.