वाइनला शॅम्पेन, गुळाला कोल्हापूर

मंडळी, महाराष्ट्रात वाइन म्हटलं की नाशिक. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि तिथलं चित्र पालटलं. पण फ्रान्समध्ये 'शॅम्पेन' हे जसं आधी एका प्रदेशाचं नाव आहे आणि मग पेयाचं, तसा मान आमच्याकडे फार आधी मिळवला तो कोल्हापूरच्या गुळाने. बाटलीऐवजी रवा, एवढाच फरक!

हे नुसत्या काळ्या मातीने आणि पंचगंगेच्या पाण्याने झालं का? नाही. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली, गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. पुढे त्यांनीच भोगावतीवर राधानगरी धरण बांधायला घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, पण ऊस वाढला. थोडक्यात काय, माती देवाची, प्रदेश माणसांनी घडवलेला.

त्यातला खरा माणूस म्हणजे गुळव्या. चुलवाणावर काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकट रसाने मळी वर येते, ती काढायची. पाक झाला की नाही, हे तो थंड पाण्यात थेंब टाकून बोटांनी ओळखतो. थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. याचं मॅन्युअल कुठेही नाही. आमच्या प्रोजेक्टमध्ये असा एकच जाणकार असेल तर मॅनेजरला झोप लागत नाही!

मग सहकारी साखर कारखाने आले. तिथे उसाला कायद्याने ठरलेला किमान दर, इथे गुळाचा भाव रोजच्या सौद्यावर. त्यात मजूर मिळेनात. एकेक गुऱ्हाळ थंडावत गेलं. २०१४ साली 'कोल्हापुरी गूळ' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण दुसरीकडचा गूळ याच नावाने खपवतात ही तक्रार जुनीच आहे. शिवाय गिऱ्हाइकाला हवा पिवळाधमक गूळ, म्हणून कुणी रसायन घालतं, कुणी साखर मिसळतं.

म्हणजे कायद्याने नाव राखता येईल, पण गुळव्याच्या बोटांतली जाण राखायची तर त्याच्या गुळाला दर मिळायला हवा. तो शेवटी आपणच देणार. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात थोडा तांबूस रवा दिसला तर नाक मुरडू नका. कुठल्या गुऱ्हाळाचा, एवढं मात्र जरूर विचारा.

असो. चहा गार होतोय.