कुत्र्यांसाठी क्लिपरची निवड : आधी केस, मग यंत्र

पाळीव कुत्र्याचे केस घरीच कापण्यासाठी क्लिपर, म्हणजे केस कापण्याचे विद्युत यंत्र, खरेदी करताना किंमत किंवा वेगापेक्षा कुत्र्याच्या केसांचा प्रकार आधी विचारात घेणे आवश्यक असते. चुकीचे यंत्र वा पाते वापरल्यास त्वचा भाजणे किंवा कापणे आणि काही जातींमध्ये केसांचे आवरण दीर्घकाळ बिघडणे, असे परिणाम संभवतात.

केसांचा प्रकार

शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल आणि माल्टीज या जातींचे केस सतत वाढत राहतात. ते वेळोवेळी न कापल्यास त्यांच्या जटा होतात. या जातींसाठी क्लिपर खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरतो.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की आणि पोमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर राठ केस आणि आत मऊ, दाट लव. उन्हाळ्यात या कुत्र्यांचे केस सरसकट काढून टाकण्याची पद्धत आढळते. परंतु त्यामुळे अपेक्षित गारवा मिळत नाही. कुत्रे शरीरातील उष्णता प्रामुख्याने धापा टाकून बाहेर सोडतात, तर वरचे केस त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात. शिवाय मुळापासून कापलेले केस पुन्हा विरळ किंवा असमान उगवण्याची शक्यता असते. अशा कुत्र्यांची आतली गळणारी लव फणी व ब्रशने काढणे पुरेसे असते. क्लिपरचा वापर पंजांच्या गाद्यांमधील व गुदद्वाराभोवतीच्या केसांपुरता मर्यादित ठेवावा.

कारवान, मुधोळ, राजपालयम यांसारख्या आखूड केसांच्या देशी जातींना तसेच रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या बहुतेक कुत्र्यांना क्लिपरची गरज भासत नाही.

यंत्र आणि वीजपुरवठा

माणसांचे केस कापण्याचे ट्रिमर कुत्र्यांच्या दाट केसांत अडकतात, केस ओढतात आणि लवकर तापतात. लहान आणि मऊ केसांच्या कुत्र्यासाठी बॅटरीवर चालणारे हलके यंत्र सोयीचे असते. दाट वा कुरळ्या केसांसाठी अधिक शक्तीची रोटरी मोटर असलेले यंत्र घ्यावे. पाते सहज काढता व बदलता येणे ही महत्त्वाची सोय होय. आवाज व कंपन कमी असलेले यंत्र बुजऱ्या कुत्र्यांना अधिक मानवते.

परदेशातून मागविलेल्या यंत्रावरील व्होल्टेज तपासणे अत्यावश्यक आहे. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा, तर अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचा असतो. केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेले यंत्र येथे थेट जोडल्यास ते जळू शकते.

पात्यांचे क्रमांक

पात्याचा क्रमांक जितका मोठा, तितके केस अधिक आखूड कापले जातात. १० क्रमांकाचे पाते सुमारे दीड मिलिमीटर, ७ एफ सुमारे ३ मिलिमीटर, ५ एफ सुमारे ६ मिलिमीटर, तर ४ एफ सुमारे साडेनऊ मिलिमीटर केस ठेवते. ‘एफ’ असलेल्या पात्याचे सर्व दात सारख्या लांबीचे असतात. एकाआड एक आखूड दात असलेल्या पात्यात त्वचेची घडी अडकण्याचा धोका अधिक असल्याने नवशिक्यांनी ते टाळावे. ३० व ४० क्रमांकांची पाती अतिशय आखूड कापतात आणि त्यांचा थेट वापर अनुभवी हातांपुरताच योग्य ठरतो.

उष्णता व सुरक्षितता

सतत चालल्याने पाते तापते आणि केसांखालील त्वचेवर लाल चट्टे उठतात. दर काही मिनिटांनी पाते मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावे; ते गरम लागल्यास काम थांबवावे किंवा पाते बदलावे. पात्यांना क्लिपरसाठीचेच तेल द्यावे. थंडीत गोठणारे खोबरेल तेल वा स्वयंपाकाचे चिकट होणारे तेल त्यासाठी योग्य नाही.

केस कापण्यापूर्वी कुत्र्याला आंघोळ घालून पूर्ण कोरडे करावे, कारण मातीने पाते बोथट होते आणि ओल्या केसांत ते अडकते. पाते त्वचेला समांतर ठेवून, साधारणपणे केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवावे. काख, जांघ व कानांच्या कडा येथील त्वचा पातळ असल्याने तेथे विशेष सावधगिरी हवी. घट्ट जटा कात्रीने कापू नयेत. त्वचा वर ओढली जाऊन कापली जाण्याची भीती असते.

त्वचेवर जखम, ओलसर चट्टे किंवा मोठ्या प्रमाणावर गोचिड्या आढळल्यास, त्याचप्रमाणे जटा त्वचेला चिकटल्या असल्यास, घरी प्रयत्न न करता पशुवैद्यकाचा सल्ला घेणे हिताचे ठरते.