सेवासदनाच्या रमाबाई आणि पहिल्या परिचारिका



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या सेवाभावी स्त्रीविषयी लिहावे असे ठरले, तेव्हा मी रमाबाई रानडे यांचे नाव घेतले. ‘उंच माझा झोका’ ही मालिका २०१२ साली आपण साऱ्याजणींनी हातातली कामे टाकून पाहिली. त्यातील परकरातली छोटी रमा आपल्याला आठवते. परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावरील विधवा रमाबाई फारशी कोणाला आठवत नाहीत. आपल्या दारी लसीकरणाची वही घेऊन ज्या सिस्टरबाई येतात, त्यांचे खरे नाते या दुसऱ्या रमाबाईंशी आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या माधवराव रानड्यांशी त्यांचे लग्न झाले. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांना शिकवावयास घेतले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, सारे झाले. पुढे इंग्रजी शिकवावयास मडम येऊ लागली, तेव्हा तिच्याशी शिवाशिव झाली म्हणून धडा संपल्यावर रमाबाईंना स्नान करावे लागे. त्यांनी कोणास उलट उत्तर दिले नाही आणि पाटीही सोडली नाही. मला यातील दुसरी गोष्ट जास्त अवघड वाटते.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशकास झाली, व पुढे धुळ्यास. आपले नामपूर या दोन गावांच्या मधलेच, म्हणून हे मुद्दाम सांगते. चारचौघांत उभे राहून बोलण्याचा रमाबाईंचा पहिला प्रसंग नाशकासच आला. तेथील हायस्कुलातील समारंभात त्या बोलल्या. भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. पुढे त्यांना कोणी भाषण लिहून देण्याची गरज उरली नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. ते प्रार्थनासमाजाचे; पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणत. ती भक्ती रमाबाईंच्याही अंगी पुरती मुरलेली होती. वर्षभर त्या कोठे बाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर मात्र येरवड्याच्या तुरुंगात जाऊन तेथील बायकांशी बोलावे, रुग्णांना भेटावे, असा क्रम त्यांनी सुरू केला. मूलबाळ नव्हते. पुढे शेकडो मुली त्यांच्या झाल्या.

मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोघांनी सेवासदन काढले. एक पारशी, दुसरे सिंधी. त्यांनी रमाबाईंना अध्यक्ष होण्याची गळ घातली. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यातील स्वतःच्या वाड्यात रमाबाईंनी पुण्याचे सेवासदन सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. लिहिण्यावाचण्यापासून शिवणापर्यंतचे वर्ग तेथे होते. मोठ्या वयाच्या, संसारी बायकाही पहिल्या पुस्तकापासून आरंभ करीत. पण सर्वांत अवघड ठरले ते परिचारिकांचे शिक्षण.

याचे कारण आजच्या मुलींना सांगूनही पटणार नाही. बाळंतपण म्हणजे विटाळ. ते काम सुइणीचे. परक्या पुरुषाचे अंग पुसावयाचे, मलमूत्र काढावयाचे, कोण कोणत्या जातीचा ते पाहावयाचे नाही, आणि वर रात्री घराबाहेर राहावयाचे. चांगल्या घरची बाई हे करील, ही कल्पनाच लोकांना सोसवत नसे. त्या काळच्या बहुतेक नर्सा ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन असत. म्हणून मुलगी दवाखान्यात गेली की बाटली, अशीही भीती असे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून १८९३ साली पुण्यात जे वादळ उठले होते, ते लोक विसरले नव्हते.

सेवेची आस बायकांत नव्हती असे कोणी म्हणू नये. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. परंतु ते एका थोर स्त्रीचे धैर्य होते. सामान्य घरातील, पोटाला आधार नसलेल्या विधवेने हेच काम रीतसर शिकावे, त्याचा पगार घ्यावा आणि तरी आपला धर्म व अब्रू राखून मानाने राहावे, ही सोय रमाबाईंनी केली. त्यांच्या मुली ससून रुग्णालयात शिकत आणि संस्थेच्या वसतिगृहात राहत. बाई स्वतः देवभक्त, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यामुळे ‘रमाबाईंपाशी आहे ना, मग हरकत नाही’ असे म्हणावयास घरच्यांना जागा मिळाली.

एक प्रसंग सांगतात. बक्षीससमारंभात केशवपन झालेली एक तरुण विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील काही विद्यार्थ्यांनी टवाळी केली. रमाबाई उठल्या. तुमच्या घरोघरी अशी बहीण किंवा मावशी असेल आणि तुम्ही तिला हसता, अशा अर्थाचे त्यांनी जे सुनावले त्याने सारी सभा चिडीचूप झाली. ज्या बाईने घरातले टोमणे मुकाट्याने सोसले, तिने दुसरीच्या वाट्याचा टोमणा मात्र सोसला नाही.

आळंदीच्या यात्रेत बायकांच्या सोयीसाठी सेवासदनाच्या मुली जात. १९१३ साली गुजरात-काठेवाडच्या दुष्काळात रमाबाई स्वतः गेल्या. १९२४ साली त्या वारल्या, तोवर पुणे सेवासदनात शिकणाऱ्यांची संख्या हजारावर गेली होती. १९६२ साली, जन्मशताब्दीस, सरकारने त्यांचे तिकीट काढले. रमाबाई स्वतः कधी परिचारिका झाल्या नाहीत, हेही नोंदवून ठेवते.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील अंजली कुलथे या परिचारिकेविषयी आपण वाचले असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी रुग्णालयात शिरले असता त्यांनी वॉर्डातील वीस गरोदर बायकांना एका लहानशा खोलीत सुरक्षित ठेवले, आणि कळा सुरू झालेल्या एकीला जिन्याने प्रसूतिगृहात पोचविले. पुढे कसाबविरुद्ध साक्ष देताना नर्सचा गणवेश घालूनच जाईन, असा त्यांनी आग्रह धरला.

आपल्याकडे मात्र स्थळ सांगून आले आणि मुलगी नर्स आहे असे कळले की, ‘रात्रपाळी असते हो’ हे वाक्य अजून निघते. २०२० च्या करोनात ज्यांनी सिस्टरबाईंना ओवाळले, त्याच घरांतून निघते. हे मी हळदीकुंकवाच्या बैठकीत बसून स्वतः ऐकले आहे.

रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. भाषा घरगुती आहे, कोणालाही वाचता येईल. ज्या भगिनीकडे ते असेल तिने पुढच्या बैठकीस मंडळात आणावे. दुपारी आळीपाळीने मोठ्याने वाचू. ज्यांचा चष्मा हरवला आहे त्यांनाही ऐकता येईल.